बलबाले पाणी

वीस वर्षं झाली, मी पोरांना फळ्यावर विजेचा परिपथ काढून दाखवते. फळ्यावरचा माझा बल्ब दरवेळी पेटतो. घरातला फ्यूज गेला की मात्र मी मेणबत्ती लावून मिस्त्रीला फोन करणारी बाई! म्हणून त्या गुरुवारी नेरडीगोंड्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून मी जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी टेस्टर मागितला, तेव्हा माझा आवाज उगाच चढला.

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "मेडम, मिस्त्री नहीं आया क्या?"

"मैंच मिस्त्री," मी म्हटलं. तो हसला. मला तर असा चेव आला की विचारू नका. टेस्टर, पक्कड, करवतीचं पातं, पाईप जोडायचं सोल्युशन, पांढरी टेप, सगळं पिशवीत भरून मी बसमध्ये बसले.

आता हे खूळ डोक्यात शिरलं काऊन, ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमची न्हाणी अंगणाच्या टोकाला, तीन पायऱ्या उतरून, तट्ट्याच्या आडोशाची. तिथं जाणं तिला बंद. दोन महिने मी तिला खाटेशेजारी पाट टाकून, चुलीवरचं पाणी आणून, अंग पुसून देत होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचलेली बाई ती, कोणाचा हात अंगाला लागू द्यायची नाही. मी टॉवेल घेऊन आले की भिंतीकडं तोंड करायची.

माझा धाकटा भाऊ हैदराबादला असतो. मागच्या महिन्यात तो आला, हे पाहिलं आणि म्हणाला, "अक्का, मी मायले घेऊन जातो. तथी सगळं घरात हाय."

माय एवढंच म्हणाली, "चौथ्या माळ्यावर मी काय करू रे बापू? खिडकीतून गाड्या मोजू?" आणि रडली. मायला रडताना मी आयुष्यात दोनदा पाह्यलं असेल. भावाचाही जीव कासावीस झाला. शेवटी ठरलं की मागच्या पडवीत पक्की न्हाणी बांधायची, नळ, गीझर, लाईट सगळं त्यात. पुढच्या महिन्यात शेवटच्या रविवारी तो गाडी घेऊन येणार. न्हाणी चालू असेल तर माय इथंच राहील. नसेल तर तिची पिशवी गाडीत.

गवंड्यानं भिंती वेळेत उभ्या केल्या. पण आमच्या गावात लाईटचा मिस्त्री आणि नळाचा मिस्त्री एकच माणूस, आणि त्याच्या लेकीचं लगीन नेमकं त्याच शेवटच्या आठवड्यात, दोन तासांवरच्या मुधोळला! त्याच्या हातापाया पडायची ती वेळ नव्हती. लेकीचं लगीन म्हणजे बापाचा जीव टांगणीला. मी शाळेत दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि म्हटलं, चला बाई, आता फळा सोडा.

अन् काय सांगू, मजा आली! पाईप कापताना पांढरा भुगा उडून माझ्या केसांत बसला. सोल्युशन लावलं की पाईप लगेच बसवायचा, मग हलायचा नाही, हे मला माहीत होतं. माहीत असूनही पहिला एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, मी उलटा बसवला. तोंड भिंतीकडं! ओढते तर निघेना. माय खाटेवरून पाहत होती.

"काऊन वं, पाणी भिंतीले पाजतं का?"

"तू गप बस माय."

"मी गपच हाय. भिंत बोलून राह्यली."

तो तुकडा कापून टाकला, दुसरा जोडला. गीझरपासून तोटीपर्यंत मात्र मी लोखंडी पाईप घातला. गरम पाण्यानं प्लास्टिक वितळेल अशी मला उगाच धास्ती. दुकानदारानंच मापाचे तुकडे कापून आटे पाडून दिले होते, मी टेप गुंडाळून आवळले. शुक्रवारी दुपारी टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. तोटी आधी खोकली, मग फुसफुसली, मग भस्सकन पाणी! मी भिजले, भिंत भिजली, आणि मी मोठ्यांदा ओरडले. शेजारीण धावत आली, तिला वाटलं साप निघाला.

शनिवारी लाईट. मेन बंद केला, हे शंभरदा तपासलं. बोर्डापासून तीन तारा आणल्या. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, गळलेला करंट जमिनीत नेणारी. हिरवीसाठी खड्डा खणायचा, कोळसा आणि मीठ भरायचं, हे मी आठवीला शिकवते. पण पडवीच्या कोपऱ्यात एक लोखंडी खुटा आयताच गाडलेला, त्याला तारही गुंडाळलेली. म्हटलं, वा! बाबांनी अर्थिंग करूनच ठेवलीय की! बाबा जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांच्या हुशारीचा मला केवढा अभिमान वाटला. गीझरची हिरवी तार मी त्या खुट्याला बांधली. मेन चालू केला. लाईट लागला, गीझरचा लाल दिवा लागला, तोटीला टेस्टर लावला, काही नाही. झालं! मी पडवीत एकटीच नाचले, खोटं कशाला सांगू.

सांजेला दिवेलागणीला मी अंगणातला जुना बल्ब लावला आणि मायला धरून नव्या न्हाणीत खुर्चीवर बसवलं. "हातपाय धू," म्हटलं, "उद्या आंघोळ." तिनं कौतुकानं तोटीला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"अवं, हे तर चावून राह्यलं!"

 मी तिला खुर्चीसकट मागं ओढलं, धावत जाऊन मेन पाडला. तिचा हात उलटसुलट पाहिला. मुंग्या आल्या होत्या म्हणाली, बस. पण ती पूर्ण ओली असती तर? मी माझ्याच हातानं माझ्या मायला...  मी न्हाणीच्या उंबऱ्यावर मटकन बसले आणि ढसाढसा रडले. मैंच मिस्त्री म्हणे! भाऊ सांगत होता तेच खरं, असं वाटलं.

मिस्त्रीला फोन लावला. मागं सनई-ताशे. तो ओरडून म्हणाला, "बाई, मेन खालीच ठेवा! मी सकाळी येतो. कोनी हात लावू नका!"

मी बॅटरी लावून एकेक जोड तपासत बसले. सगळं बरोबर. मग दुपारी टेस्टर का नाही पेटला? मला काही सुधरेना. माय खाटेवरून म्हणाली, "अंगणातला बलब मंदा जळत होता, पाह्यलं का?"

"असेल. त्याचं काय आता?"

"खुट्याले दोन महिन्यापासून पाणी नाई. मी पडून हाय, कोन टाकन?"

"खुट्याला पाणी? कशाला?"

आणि मग तिनं सांगितलं. बाबांनी अंगणात बल्ब नेला तेव्हा तार एकच नेली. दुसरी तार कायले, जमीन हाय ना! आमच्या गल्लीत तेव्हा सगळ्यांनीच असं केलेलं. फेजची तार बल्बात, आणि बल्बातून निघालेली तार त्या खुट्याला. करंट खुट्यातून जमिनीत. जमीन सुकली की बल्ब मंदावायचा. म्हणून माय रोज सांजेला तिथं तांब्याभर पाणी ओतायची. शेजारची नवी सून विचारायची, "मावशी, तुमच्याकडं तुळस तर नाई, मंग पानी कोनाले?" तर माय म्हणायची, "बलबाले."

मी डोक्याला हात लावला. ज्या खुट्यातून बल्बाचा करंट जमिनीत जात होता, त्यालाच मी गीझर बांधला होता. जमीन कोरडी ठक्क, करंटला वाट मिळेना, तो हिरव्या तारेनं उलटा गीझरात, तिथून माझ्या लोखंडी पाईपानं तोटीत. बल्ब पेटला की तोटी चावणार! दुपारी बल्ब बंद होता. वीस वर्षं शिकवणाऱ्या मास्तरणीला जे दिसलं नाही, ते अंगठा लावणाऱ्या मायनं खाटेवरून सांगितलं. मी रडता रडता हसत सुटले. मी तिचे मुके घेतले, तर मला ढकलून म्हणाली, "जाय, येडी झाली."

रविवारी उजाडताच, मेन तसाच खाली ठेवून, मी हिरवी तार सोडली, खुटा उपटला, बल्बातून खुट्याला आलेली बाबांची ती तार काढून टाकली. अंगणाच्या बल्बाला बोर्डापासून न्यूट्रल आणली. दुसऱ्या कोपऱ्यात कमरेइतका खड्डा खणला, कोळसा, मीठ, नवी सळई, बादलीभर पाणी. तोवर मिस्त्री मोटरसायकलवर आला, बोटांना हळद तशीच. त्यानं बोर्डात गळतीचा करंट दिसताच बंद पडणारा स्विच बसवला, सगळे दिवे लावून तोटी, गीझर, पाईप पुन्हा पुन्हा तपासलं आणि शेवटी स्वतः ओल्या हातानं तोटी धरून उभा राहिला. "पक्कं हाय बाई. पन आता मले इचारल्याबगर काई जोडू नका."

दहा वाजता भाऊ आला. कालचं त्याच्यापासून लपवावं असं मनात आलं होतं, पण मी सगळं सांगून टाकलं. तो पांढराफटक पडला. मायची पिशवी उचलून गाडीत ठेवून आला. "बस झालं अक्का," तो म्हणाला.  "मायचा जीव जात होता."

 त्याचं खरंच होतं.

माय काठी टेकत उठली. कोणाचा हात घेतला नाही. खांद्यावर धुतलेलं लुगडं टाकलं, भिंत धरून न्हाणीत गेली आणि आतून कडी लावली.

"माय, कडी नको लावू!" भाऊ दाराशी धावला.

"काऊन? आंघोळीले कडी नाई लावत का बाईमाणूस?"

आम्ही दोघं दाराबाहेर उभे. आत तोटी फिरल्याचा आवाज आला. बादलीत पाणी पडू लागलं. भावानं माझं मनगट असं घट्ट धरलं की बांगडी रुतली. एक तांब्या. दुसरा. आणि मग आतून मायचा आवाज, पोरीसारखा, "अवं, गरम आलं वं! चूल ना काई, गरम आलं!"

लय वेळ लागला तिला. बाहेर आली तेव्हा केस ओले, निऱ्या नीट, चेहरा तुकतुकीत. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा आमच्याकडं सरळ बघत होती. भावाला म्हणाली, "बस बापू. जेवून जाय."

 भाऊ गाडीकडं गेला आणि तिची पिशवी घरात घेऊन आला.