मिरचीवालीचे लेकरू

ती घटना आठवली की आजही हात गार पडतात, आणि त्यात ना खून होता ना दरोडा.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी घाटंजी भागात फौजदार होतो. कापसाची वेचणी जोरात होती. बाजारात बांगड्या विकणारा एक म्हातारा आमचा खबऱ्या. तो म्हणाला, "साहेब, त्या मिरचीवालीच्या मिरच्या कोनी घेत नाही, पन गिऱ्हाईक हटत नाही." आम्ही पंचांसमोर तिचे पोते उघडले. तळाशी अफूच्या गोळ्या निघाल्या. गिऱ्हाईक सगळ्या वेचणीवाल्या बाया. नवऱ्यांसाठी नेत असतील, असे आम्ही धरून चाललो.

बाई तरुण होती, कडेवर तान्हे मूल. ती स्वतःही अफू खायची. कोठडीत तिचे नाक गळू लागले, पोटऱ्यांत गोळे आले. माल कोण देतो, ते मात्र सांगेना. हवालदार म्हणाले, "एक गोळी दाखवा साहेब, पोपटावानी बोलते." मी साफ नकार दिला. गोळीसाठी माणूस सख्ख्या बापालाही आरोपी करतो, आणि असला जबाब कोर्टात टिकत नाही.

पहिला गुन्हा आणि मांडीवरचे मूल बघून मॅजिस्ट्रेटनी तिच्याकडून हमीपत्र घेतले. दवाखान्यात राहून अफू सोडायची, डॉक्टरांनी मोकळे करण्याआधी पळाली तर तुरुंग, असा हुकूम झाला. मला बरे वाटले. काही दिवसांनी पहाऱ्यावरच्या शिपायाचा निरोप आला की बाई मुलासकट पळाली.

ती मला एसटी स्टँडवर सापडली. मूल ताठ होऊन किंचाळत होते, अंग थरथरत होते. तिने माझे पाय धरले.

"मले जेलात टाका साहेब, पन याले गोळी घेऊ द्या."

"कोणाला?"

"याले. लुगड्याच्या गाठीले लपवल्या होत्या, त्या सरल्या. वेचणीले जाताना देत होती. दिवसभर निजून राह्यते. समद्याच बाया देतात."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"गोळी इकली म्हून तुमी मले पकडलं. पोराले देल्ली म्हनलं असतं तर काय केलं असतं?"

मी जीप दवाखान्याकडे पिटाळली. वाटेत मुलाने डोळे फिरवले तेव्हा मी मनातून पार घाबरलो. डॉक्टर म्हणाले, अफू एकदम तुटली तर एवढे मूल दगावते; थेंबाथेंबाने कमी करावी लागेल. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. तिसऱ्या प्रहरी मूल अंगावर प्यायला लागले. मग न विचारताच तिने माल देणाऱ्याचे नाव सांगितले. ज्याच्यासाठी आमची एवढी धडपड चालली होती, ते नाव मला धड ऐकूही आले नाही, कारण लगेच ती म्हणाली, "माह्या लेकराले डाक्टर भेटला. बाकीच्या लेकरायचं काय?"

बाया एका आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत पुरतील एवढ्याच गोळ्या नेत. माल आम्ही बंद पाडला होता, आणि त्याची शाबासकीही घेतली होती.

मॅजिस्ट्रेटची परवानगी काढून तिलाच सोबत घेतले. डॉक्टरही आले, आणि आम्ही वेचणीच्या शेताशेतांत फिरलो. मी साध्या कपड्यांत होतो, तरी बाया मला ओळखून लेकरे पदराआड लपवायच्या आणि "आमी नाही देत" म्हणायच्या. मिरचीवाली पुढे होऊन आपले मूल दाखवायची, तेव्हा कुठे एकेक पदर सरकायचा. पुष्कळ मुले दवाखान्यात पोहोचली, वाचली.

एका शेतात झाडाला लुगड्याची झोळी बांधलेली होती. आत मूल नव्हते; आम्हाला उशीर झाला होता. त्याची आई कापूस वेचत होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि कापसाच्या पुढच्या झाडाला हात घातला.

आरोपीवर हुकूम चालतो, पण त्याच्या मागे कोण कोण बांधलेले आहे ते आधी विचारावे, एवढे मी त्या खटल्यात शिकलो. आजही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, झोळी दिसली की मी थांबतो. आत काही हलल्याशिवाय माझा पाय निघत नाही.