फाटकाअलीकडचा तुकडा

सामाजी पेझारकर दोघांनाच घाबरायचा. एक एलियाहू हन्नाबी आणि दुसरी अबीगेल. पहिला त्यांच्या बेने इस्रायल लोकांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, संदेष्टा, हाकेला धावणारा. दुसरी त्याची बायको. तीही हाकेला धावायची, पण आल्यावर आधी जाब विचारायची. या दोघांच्या मधे सामाजी अडकला, आणि तोही कुणी ढकललं म्हणून नव्हे, आपल्या पायांनी चालत जाऊन अडकला. मी तेव्हा पनवेल स्टेशनात तिकिटं द्यायचो आणि त्याच्या शेजारच्या खोलीत राहायचो. गाड्या मोजक्या, त्यामुळे तिकिटं कमी आणि गप्पा जास्त. शिवाय आमच्या दोन खोल्यांच्या मधे नुसता कूड होता.

चौसष्ट-पासष्टच्या सुमारास पनवेलला रेल्वे आली तेव्हा गावाला वाटलं, आता मुंबई दारात आली. आली ती तळोज्याकडून, भाताची खाचरं आणि खारजमिनी तुडवत. एक-दोन पावसाळ्यांतच रुळांखालच्या खडीत चिखल शिरला. ही खडी शोभेसाठी नसते. पाणी खाली निघून जावं आणि रुळांखालचे आडवे स्लीपर जागचे हलू नयेत म्हणून ती घालतात. तिच्यात चिखल बसला की पाणी तुंबतं, स्लीपर रुततात आणि रूळ खचतो. मग खडी उकरून, चाळून, पुन्हा भरावी लागते. हे काम ओव्याच्या बाजूच्या वाडीतल्या कातकरी बाया करायच्या. लोखंडी दातांच्या पंजाने खडी उकरायची, तिरप्या उभ्या केलेल्या जाळीवर पाटीपाटीने ओतायची. दिवस मावळेपर्यंत एका डब्याच्या लांबीएवढं काम झालं तरी मुकादम खूश व्हायचा.

मग वर्कशॉपमधून चाळणी आली. कागदावर तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते साहेबालाही एका दमात म्हणता यायचं नाही. चार चाकांच्या उघड्या वॅगनवर डिझेल इंजिन, त्याच्या पट्ट्यावर हलणारी लोखंडी जाळी, एका अंगाला खडीची पन्हळ आणि दुसऱ्या अंगाला घाणीची. बायांनी उकरून वर ओतायचं, चाळणी धडाधडा हलून वेगळं करायची. सुटी खडी परत रुळांखाली जायची. सुकलेला चिखल, गंजके बोल्ट, कुजक्या स्लीपरच्या ढलप्या असला सगळा जुना माल दुसऱ्या बाजूला पडायचा. आवाज असा की नावड्याला चाललेली कळंबोलीत कळायची.

तिच्याबरोबर फिटर म्हणून आला सामाजी. मूळचा पनवेलचाच, पण नोकरीने त्याला इगतपुरी, कल्याण, पुन्हा इगतपुरी असं फिरवलं होतं. आता चाळणी इथे टिकली तर तोही इथे टिकणार होता. पण चाचणीच्या दिवशी साहेब लोक छत्र्या धरून उभे राहिले आणि इंजिन काही केल्या सुरू होईना. मोठा साहेब म्हणाला, "उद्यापर्यंत चाललं नाही तर हे धूड परत पाठवा." सामाजी तिथल्या तिथे एलियाहूला नवस बोलला.

नवस बोलायची एक रीत असते. शहाणा माणूस म्हणतो, यंत्र सुरू झालं की मलिदा करीन. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. एलियाहूचं नाव घेऊन ताटं मांडायची, जमलेल्यांना वाटायची, की माणूस मोकळा. पण रेल्वेत राहून सामाजीला काम पुरं झाल्याशिवाय बिल पास न करायची सवय लागलेली. तो म्हणाला, "यंत्र चालू दे, आणि पनवेल ते तळोजं सगळी लाइन चाळून झाली की रुळाच्या कडेला मलिदा करीन." दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं. तेलाच्या नळीत अडकलेली चिंधी त्यानेच बाहेर काढली होती, पण श्रेय त्याने एलियाहूला दिलं. मला हे त्यानेच सांगितलं, आणि सांगताना त्याला आपला फार हुशारीचा सौदा झाला असं वाटत होतं.

सुरुवातीला नवसात खोट नव्हती. काम खरोखर चाललं होतं. दिवाळी सरली की चाळणी निघायची, ती पाऊस तोंडाशी येईपर्यंत. शनिवारी मात्र ती साइडिंगला उभी असायची. या लोकांना कोकणात पूर्वी शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून. सामाजीचा घाणा डिझेलवर चालायचा, पण शनिवार त्याने सोडला नाही. रविवारी भरून काढायचा. बायांची म्होरकी ठकी पहिल्यांदा कुरकुरली, मग तिला हे पटलं. "देव इसावा घेतो तं मानसानं का नाय घ्यावा?" म्हणायची. चाळणीवर उभा राहिला की सामाजी वेगळाच दिसायचा. घरात खाली मान घालून जेवणारा हा माणूस तिथे नुसता हात वर करायचा, की सगळ्या टोळीचे पंजे थांबायचे.

याच काळात त्यांच्या आळीतली घरं एकेक करून रिकामी होऊ लागली. इस्रायलात कुणी हैफाला गेलं, कुणी लोदला. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे जमवायला मनासेकाकांना गावोगाव निरोप धाडावे लागायचे. मनासेकाका त्यांच्या प्रार्थनागृहाचे हज्जान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे. सामाजीची एकुलती एक मुलगी सिप्पोराही लग्नानंतर नवऱ्याबरोबर बीरशेबाला गेली. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून अबीगेलचं एकच सुरू झालं. आपण कधी जायचं? मुलीचं पहिलं बाळंतपण, तिथे तिचं कोण आहे?

सामाजी म्हणाला, "नवस फिटला की लगेच."

यात चूक काढता येत नव्हती. अबीगेलने मनासेकाकांना विचारलं, तेही म्हणाले, "नवस अंगावर ठेवून समुद्र ओलांडू नये. आणि नवस घराचा असतो, एकट्याचा नसतो." म्हणजे तिने एकटीने जायचं म्हटलं तरी नवस फिटल्याशिवाय जाता येईना. ती बिचारी रोज संध्याकाळी विचारायची, "किती राहिलं?" आणि तो सांगायचा, "फाटकाअलीकडचा तुकडा राहिलाय, बाकी झालं."

तळोज्याअलीकडे एक फाटक होतं, त्याच्या आधीचा हा तुकडा. त्या तुकड्याला कसली दृष्ट लागली होती कोण जाणे. चाळणी तिथे पोचली की पट्टा तुटायचा. पट्टा आला की जाळी फाटायची. जाळी शिवून झाली की पाऊस तोंडाशी यायचा. तो तुकडा तसा बरा होता, खचलेला नव्हता, म्हणून इन्स्पेक्टरही मागे लागला नाही. एक हंगाम असा गेला. बीरशेबात सिप्पोराला मुलगा झाला. दुसरा हंगाम आला, चाळणीने मागे खराब झालेल्या जागा पुन्हा केल्या, आणि तुकडा होता तिथेच राहिला. नातू चालायला लागल्याची बातमी आली. ती ऐकून अबीगेल हसली, आणि मग पदर तोंडाला लावून मोरीत गेली. मी सामाजीला म्हटलं, "अरे, हनुमानाचं शेपूट आहे का ते?" तो माझ्यावरच डाफरला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, कारण सामाजी सहसा डाफरत नसे.

एप्रिलमध्ये ठकी करवंदं विकायला गावात आली. मिस्तरीचं घर म्हणून अबीगेलला माप जास्त घातलं आणि ओट्यावर टेकली. मी तिथेच पेपर वाचत होतो. ठकी कौतुकाने सांगू लागली, "बाय, तुजा मानूस लय दयेचा हाय. फाटकाजवल आला का मशीन बंद करतो. आमाला म्हायती हाय, आमच्यासाठी ठेवतो त्यो तुकडा. काम सरलं तं फुडल्या साली आमाला कोन बोलवील?"

अबीगेलने विचारलं, "पट्टा तुटतो ना तिथे?"

"तुटत नाय गो. त्योच काढून ठेवतो." ठकी हसली. "परवा तं मंगळ्याला सांगलंन, पट्टा झाडीत ठेव म्हून."

मंगळ्या ठकीचा नवरा. अबीगेलने करवंदांचे पैसे दिले, टोपली उचलून ठकीच्या डोक्यावर दिली आणि आत गेली. ठकी आनंदात निघून गेली. आपण काय करून ठेवलं ते तिला कळलंही नाही.

त्या संध्याकाळी मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. मधे कूड होता आणि कानांत बोळे घालून बसायची मला सवय नाही. सामाजी हातपाय धुऊन आला. तिने ताट वाढलं. नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्यालाच चुकल्यासारखं झालं असावं. तो आपण होऊन म्हणाला, "आज पण पट्ट्याने घोटाळा केला."

"झाडीत ठेवलेला पट्टा घोटाळा कसा करतो?" अबीगेल म्हणाली.

ताट सरकवल्याचा आवाज आला. मग सामाजी बोलला. "मला जायचं नाही, अबीगेल. तिथे मी काय करू? भाषा येत नाही. इथे मी हात वर केला तर वीस माणसं थांबतात. तिथे मला कोण विचारणार, म्हातारा म्हणून एका खाटेवर बसवतील."

"हे मला सांगायचं."

"तुला कसं सांगू? तू दिवस मोजत होतीस."

मला वाटलं, आता ती रडेल किंवा भांडी आपटेल. तिने दोन्ही केलं नाही. शांतपणे म्हणाली, "तुम्हाला जायचं नाही तर तुम्ही जाऊ नका. पण मला का अडवलंत?"

 खरं सांगायचं तर मी नेहमी त्याच्या बाजूचा, पण या वेळी मला त्याचा राग आला. एलियाहूला फसवलं ते फसवलं, तो संदेष्टा आहे, सहन करील. पण ही बाई दोन वर्षं नातवाची टोपडी विणत होती आणि ती लहान होत होती म्हणून उसवत होती.

दुसऱ्या दिवशी सामाजी उजाडायच्या आत गेला. पट्टा झाडीतून काढून चढवला, आणि चाळणी फाटकाअलीकडे नेऊन उभी केली. ठकी घाबरली. "मिस्तरी, ह्यो पन काढतोस? मंग आमी काय करायचा?"

"चाळणी आता पनवेलच्या पुढे, आपट्याच्या लाइनीला जायची आहे," सामाजी म्हणाला. "तुम्ही तिकडे या. मी साहेबाला सांगितलंय."

"मंग इतकी वरसं कोनासाठी ठेवला व्हता?"

"माझ्यासाठी," तो म्हणाला, आणि त्याने इंजिन सुरू केलं. हे मला ठकीने पुढे सांगितलं. तिला ते उत्तर समजलं नव्हतं, पण त्याचा चेहरा पाहून तिने पुन्हा विचारलं नाही. तो दिवसभर चाळणीवरून खाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकापर्यंतची खडी परत भरून झाली आणि शेवटचा चिखल पाट्यांतून खाली ओतला गेला.

मलिदा रविवारी, बोलल्याप्रमाणे रुळाच्या कडेला झाला. मनासेकाकांनी दहा पुरुष कुठून कुठून जमवले. मांडव म्हणून वॅगनवरची ताडपत्री बांधली. प्रार्थनेआधी मनासेकाकांनी विचारलं, "सामाजी, जे बोललास ते सगळं पुरं झालं?" सामाजीने अबीगेलकडे पाहिलं आणि मग म्हणाला, "झालं. उशीर केला, त्याची माफी मागतो." कुणाची ते त्याने सांगितलं नाही. मनासेकाकांना वाटलं एलियाहूची, आणि त्यांनी मान डोलावली. ताटं वाटताना अबीगेलने पहिलं ताट ठकीच्या हातात दिलं. गावातून बघायला आलेल्या दोघा-तिघांनी कातकरणीच्या बरोबरीने वाटलेला प्रसाद नको म्हणून तोंडं फिरवली. त्यांचा वाटा मी खाल्ला. मलिदा चांगला झाला होता, गूळ जरा कमी पडला होता.

अबीगेलचे कागद तयारच होते. विमानाचा दिवस ठरला. मला आतून वाटत होतं, सामाजी आयत्या वेळी ट्रंक उचलेल. निघायच्या सकाळी दोघं माझ्या खिडकीशी आली. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं, त्याच्या अंगावर नेहमीचा खाकी शर्ट. मी दोन मुंबईची तिकिटं काढून तारीख मारायला घेतली.

"एक एकेरी," सामाजी म्हणाला, "आणि एक जाऊन-येऊन."

 तिकिटं दिली, खिडकी ओढून घेतली आणि फलाटावर गेलो. अबीगेल डब्यात खिडकीशी बसली होती. सामाजी अजून खालीच, ट्रंक नीट ठेवली का ते दहादा पाहत. गार्डने शिट्टी फुंकली तेव्हा तो दारात चढला आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "आता बघ, आपट्याची लाइन एकदा चाळून झाली की मी लगेच..."

"याल तेव्हा या," अबीगेल म्हणाली. "पण नवस बोलू नका."