पेल्यांच्या उतरंडीचं परीक्षण

खरं सांगते, त्या रविवारी रेडिओ ऐकून मला रडू आलं, आणि त्याचाच मला राग आला.

परग्रहावर राहायला गेलेल्या माणसांच्या विज्ञान-श्रुतिकांची ती मालिका वर्षानुवर्षं चालू होती. दर रविवारी सकाळी नवा भाग, लिहिणारे वेगवेगळे. मी मूळची नांदेडची. लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे आणि तिथल्या एका दैनिकाच्या पुरवणीत या मालिकेचं परीक्षण लिहायचे. मला मात्र परीक्षण नव्हतं लिहायचं, भाग लिहायचा होता. तीन पाठवले. तिन्ही साभार परत.

आणि भाग लागला कुणाचा? आमच्याच क्लासमधल्या केमिस्ट्रीच्या सरांचा! किल्लारीकडचा माणूस, भूकंपात घर गेलेलं, बोलणं असं की पोरं मागं नकला करायची. पहिल्यांदा लिहिलं आणि पहिल्या फटक्यात घेतलं. स्टाफरूममध्ये पेढे वाटताना मलाच म्हणाले, "मॅडम, तुमी लिवा बरं का आमच्यावर. तुमाला लई कळतंय त्यातलं." मी हसून पेढा घेतला. पोटात नुसतं दुखत होतं.

रविवारी वही-पेन घेऊन बसले, चुका काढायच्याच म्हणून. भागात परग्रहावरची एक म्हातारी होती. रोज निजायच्या आधी ती परातीत स्टीलचे पेले एकावर एक रचायची. जमीन हलली की पेले पडतील, आवाजानं जाग येईल, लेकरांना घेऊन बाहेर पळता येईल. बस्स, एवढंच. बाकीचे तिला हसायचे. शेवटी एका रात्री पेले किणकिणायला लागले आणि भाग संपला.

भूकंपानंतर कितीतरी घरांत अशी उतरंड रचत. माझ्या घरमालकीणबाई तर अजून रचत होत्या. रोज डोळ्यांनी बघत होते मी, पण मला मेलीला सुचलं नाही! माझ्या भागांत यंत्रमानव होते, लेझरच्या बंदुका होत्या, म्हातारी नव्हती. जळाले, अक्षरशः जळाले.

मग लिहिलं काय? 'परग्रहावर पोचलेल्या माणसांकडे साधा भूकंपमापक नाही? पेले रचणं हे विज्ञान नव्हे, खेडवळपणा आहे. लेखकानं आधी शास्त्र शिकावं.' पुढच्या रविवारी ते माझ्या नावानं छापून आलं. दिवसभर मी मोठ्या मजेत होते.

सोमवारी सर आले. भांडतील म्हणून मी तयारीतच होते. तर ते खुर्ची ओढून शांतपणे बसले. म्हणाले, "बरोबर हाय मॅडम तुमचं. आमच्या मायला रोज पेले रचताना बघितलं, तसं लिवलं. त्याला शास्त्र लागतंय, हे आमाला कुठलं कळायलंय?" टोमणा नव्हता हो त्यात. मनापासून म्हणत होते. मग पिशवीतून कागद काढले. रेडिओवाल्यांनी दुसरा भाग मागितला होता, तो अर्धा लिहून झाला होता.

"हे तुमीच पुरं करा. मी आता लिवत न्हाई."

सर, मी खोटं लिहिलं, तुमचा भाग ऐकून मी रडले, एवढंच सांगायचं होतं. शब्द अगदी ओठावर आले होते. तेवढ्यात पहिल्या पानावर नजर गेली. काय लिहिलं होतं त्या माणसानं!

"ठेवा इथं," मी म्हणाले.