हिंग लागलेलं पिंप

शेजारच्या शामलाताईंच्या निळ्या पिंपाला हिंगाची धुरी दिली ती मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या सकाळी ते सांगायला मला बराच वेळ लागला होता.

हेतू वाईट नव्हता हो. आमची आई कैरीचं लोणचं घालायच्या आधी चिनी मातीच्या बरणीला धुरी द्यायची. निखाऱ्यावर हिंग टाकायचा, वर बरणी उपडी घालायची. लोणचं वर्षभर नासत नसे. शामलाताई आदल्या दिवशी बाटल्या आणायला रॉटरडॅमला गेल्या, तेव्हा मला एकच काम सांगून गेल्या होत्या. "विनायक, बादल्या भरल्या की रस गाळून पिंपात ओत आणि झाकण लाव. बाकी काही करू नकोस." आता 'बाकी काही करू नकोस' असं आपल्या माणसाला सांगितलं की त्याला नेमकं बाकीचंच सुचतं. मी दोन विटांवर पिंप उपडं घातलं, खाली बार्बेक्यूचा निखारा ठेवला. पिंप दोनशे लिटरचं, त्यामुळे हिंगही त्या मानानं. घरची अख्खी डबी गेली. मग त्यात मेपलच्या झाडांचा चाळीस लिटर रस ओतला, झाकण घट्ट लावलं आणि सायकलवर शीळ घालत घरी आलो.

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आमच्या वस्तीच्या मागे भाड्यानं मिळणाऱ्या छोट्या बागा आहेत. त्यांचं एक मंडळ आहे, आणि मंडळाच्या कुंपणाला लागून अकरा मेपल आहेत. थंडी सरताना, रात्री गोठतं आणि दुपारी वितळतं अशा दिवसांत, त्या झाडांना भोक पाडून नळी बसवली की पाण्यासारखा रस ठिबकतो. तो साठवायचा आणि आटवायचा. साठेक लिटर रसाचा जेमतेम लिटरभर पाक होतो.

हे शामलाताईंच्या डोक्यात आलं ते संशयातून. त्यांच्याबाबतीत सगळंच संशयातून येतं. नवऱ्याच्या, म्हणजे दामोदररावांच्या, मागून त्या डिपेंडंट व्हिसावर इथे आल्या, काही वर्षांनी स्वतःच्या नावावर चटण्या-मुरंब्यांचा धंदा नोंदवला आणि शनिवारच्या बाजारात टेबल मांडू लागल्या. सुपरमार्केटमध्ये दूध घेतात ते फळीच्या पार मागचं, हात खांद्यापर्यंत आत घालून. मोबाइल म्हणतो ऊन आहे, तर खिडकी उघडून हात बाहेर काढतात. दामोदरराव सांगतात, "चहात साखर घातलीय," आणि त्या चमचा फिरवून खात्री करतात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. अशा बाईनं एकदा पॅनकेकवर घालायच्या सिरपची बाटली उलटी करून मागचं लेबल वाचलं. मेपलच्या पानाचं चित्र होतं, आत मेपल नव्हता. झालं! "मग मीच करते," म्हणाल्या.

मंडळानं परवानगी दिली, पण एका हंगामापुरती. भोकं पाडून झाडं मरतील अशी अर्ध्या सभासदांना शंका होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी पाक चाखायचा, झाडं बघायची आणि मग पुढचं ठरवायचं. म्हणजे २०१८चा तो मार्च शामलाताईंच्या हातात होता, आणि थंडीचे दिवस भराभर संपत होते.

पिंपासाठी तर त्यांनी मुलीसाठी स्थळ बघावं तशी चौकशी केली होती. जुन्या पिंपाची जाहिरात देणारा तांबड्या दाढीचा डच गडी म्हणाला, "सफरचंदाचा रस होता." ताईंनी पिंपात कंबरेपर्यंत वाकून वास घेतला. घरी आणून खाण्याच्या सोड्यानं घासलं. साबण नाही, कारण साबणाला सुगंध असतो. मग कढत पाणी भरून झाकण लावलं आणि सकाळी ते पाणी चक्क पिऊन बघितलं. "प्लास्टिकला सगळं आठवतं रे," मला म्हणाल्या. "काच विसरते, स्टील विसरतं, हे मेलं विसरत नाही." मग ते शेडच्या उत्तरेला सावलीत ठेवलं आणि ऊन लागू नये म्हणून वर पांढरी चादर.

हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. तरी धुरी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झाकण उचललं, नाक आत घातलं आणि तशाच थांबल्या. मी बादल्या मोजायला लागलो. अकराच होत्या.

"विनायक, इकडे ये. हा वास कसला?"

"मला सर्दी आहे, ताई."

"काल नव्हती." त्यांनी वाटीभर रस काढला, चाखला, थुंकला. "खोटारडा! सफरचंद म्हणे! थांब, त्या दाढीवाल्याला फोनच लावते."

आणि खरंच लावला, स्पीकरवर. डचमध्ये त्यांचं व्याकरण डगमगतं, पण राग अगदी शुद्ध येतो. पलीकडचा गडी शपथा घेऊ लागला. मुलांना प्यायला देतो तो रस, म्हणाला. मी आत्ताच गाडी काढून येतो, तुमच्यासमोर वास घेतो, म्हणाला. एक निष्पाप माणूस माझ्यापायी कामाचा दिवस मोडून निघणार होता आणि मी नळीला नसलेली गाठ सोडवत होतो.

"पण बाई, वास येतो तरी कशाचा?" त्यानं विचारलं.

"हिंगाचा!"

"हिंग म्हणजे काय?"

शामलाताईंनी फोन खाली घेतला. ज्याला हिंग म्हणजे काय तेच माहीत नाही, तो पिंपात हिंग घालणार कसा, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आलं. त्यांनी हळूच माझ्याकडे मान वळवली.

"या बागेत हिंग ओळखणारी माणसं दोन," त्या मराठीत म्हणाल्या. "त्यातली एक काल रॉटरडॅमला होती."

"ताई, रस नासू नये म्हणून..."

"धुरी दिलीस?"

"थोडीशी."

"किती?"

"डबी."

त्यांनी सरळ फोन माझ्या हातात दिला. मी त्या भल्या माणसाची माफी मागितली. त्यानं शेवटी विचारलं की हिंग कुठे मिळतो, घरी उंदीर झालेत.

चाळीस लिटर गटारात गेले. पिंप आम्ही सोड्यानं चार वेळा धुतलं, कढत पाण्यानं पाच वेळा, आणि दरवेळी झाकण उघडलं की फोडणी. दुसरं पिंप शोधून, घासून, भिजवून, पाणी पिऊन बघेपर्यंत हंगाम संपला असता. घरातली भांडी बघितली. माझा मोठा डबा बाद झाला, कारण त्यात कधीतरी चकल्या होत्या. शेवटी ताईंनी ठरवलं: साठवायचंच नाही. बादली भरली की गाळायची आणि तिथेच शेगडीवर चढवायची. मी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या माझ्या ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली. नीरजाला, म्हणजे माझ्या बायकोला, कारण सांगितलं तर म्हणाली, "हनीमूनला तीन दिवसांचीच मिळाली होती तुला."

चार दिवस मी वाफेत उभा राहून पातेलं ढवळलं. ताई स्टूलवर बसून माझे हात बघत होत्या. मी नाक खाजवलं तरी विचारायच्या, "काय टाकलंस?"

रविवारी पाक निघाला तो पावणेदोन लिटर. मंडळाच्या अध्यक्ष तिनेकेबाई, वय सत्तरच्या पुढे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी आधी अकराही झाडांची भोकं बोट लावून तपासली. मग चमचा उजेडात धरला, वास घेतला, चाखला, परत वास घेतला. सगळे सभासद त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी तर श्वासच रोखला होता. न जाणो, कुठून तरी हिंग यायचा.

"साखर घातलीत ना?" तिनेकेबाईंनी डोळे बारीक करून विचारलं.

शामलाताई ताडकन उठल्या. बाईंना हाताला धरून शेगडीपाशी नेलं, करपलेलं पातेलं दाखवलं, उरलेला कच्चा रस चाखायला लावला, माझ्या हातावरचे वाफेचे चट्टेसुद्धा पुरावा म्हणून दाखवले. तिनेकेबाईंनी सगळं तपासलं. पातेल्याचा तळ नखानं खरवडून बघितला. मग त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही चालेल, पण ढवळताना मी स्वतः समोर बसणार."

"या," शामलाताई म्हणाल्या. इतकं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांना जणू सख्खी बहीणच भेटली होती.

सगळे पांगल्यावर मी बाटल्या पुसत विचारलं, "ताई, पुढच्या वर्षी मीही येऊ ना मदतीला?"

"ये," त्या म्हणाल्या, "पण हात खिशात घालून."