रपट्यावरचा भाचा

वर्ध्याहून आगगाडीनं हिंगणघाटला उतरलो, तेव्हा समुद्रपूरची मोटार निघून गेली होती. पुण्याचा वकील येतो आहे हे तिला कुणी सांगितलं नसावं. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात आला होता, आणि समुद्रपूरला मास्तरकी करणारा माझा जुना मित्र पत्रामागून पत्र लिहीत होता, की आता आपण एकाच राज्यातले झालो, एकदा तरी ये. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. अशिलांची बोलणी खाऊन मी चार दिवस काढले होते.

स्टेशनाबाहेर कापूस विकून परतणाऱ्या बंड्या (बैलगाड्या) उभ्या होत्या. त्यांतली एक समुद्रपूरकडची निघाली. मालकीण गोदाबाई, साठीच्या, नवऱ्यामागे शेती एकटीनं पाहणाऱ्या. बैल हाकायला मारोती, त्यांचा सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी). मी वकील आहे आणि संध्याकाळी कॉलेजात कायदाही शिकवतो हे कळल्यावर गोदाबाईंनी मला गाडीतली बरी जागा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा ढीग, बहाल केला.

दोन्ही अंगांना वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) आणि मधूनमधून तूर. दुपारी एका निंबाखाली बाईंनी भाकरी सोडली. वांग्यात सोले (तुरीचे ओले दाणे) घातलेली भाजी होती, आणि ती अशी जहाल की माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. पुण्यात तिखट नसतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असतं, पण आम्ही ते बोलण्यात वापरतो. बाई पोटभर हसल्या.

तिथून कोसभर गेलो असू. एका नाल्याच्या रपट्यावर (ठेंगण्या दगडी पुलावर) सात-आठ माणसं गोल करून उभी होती. मध्ये पंचविशीचा एक माणूस पडला होता. शेजारी सायकल, डोक्याला मोठी खोक, सदरा रक्तानं भिजलेला. त्याच्या डब्यातले तिळाचे लाडू विखुरले होते आणि त्यांना मुंग्यांची रांग लागली होती, म्हणजे तो बराच वेळ तसाच होता. श्वास चालू होता, रक्तही चालू होतं. कुणी हात लावत नव्हतं.

गावच्या पाटलाकडे निरोप गेला होता. पाटील येऊन पंचनामा होईपर्यंत जखमी माणसाला शिवायचं नाही, असा कायदाच आहे, असं मला सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं. मागे एकानं असंच कुणाला उचललं, तर उचलणाऱ्यालाच चार दिवस बसवून ठेवलं होतं म्हणे. घरच्या माणसानं उचललं तर मात्र चालतं.

असा कायदा मुळीच नाही, मी म्हटलं, आणि वर्गात सांगतो तसं सांगू लागलो. एका म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग उचललाच पाह्यजे, असा कायदा हाय का?" त्यानं विचारलं.

दर वर्षी मी हेच शिकवतो. बापानं लेकराला वाचवलं पाहिजे, नर्सनं रोग्याला सोडून जाता कामा नये. पण रस्त्यात परका माणूस मरत असला आणि तुम्ही पुढं निघून गेलात, तर कायदा तुमच्या मागे येत नाही. मी नाही म्हटलं. म्हातारा मान हलवून गोलात मागे सरला. आणि खरं सांगायचं तर माझेही पाय जागचे हलले नाहीत. उद्या साक्षीला बोलावलं तर पुण्याहून इथं खेटे घालावे लागतील, हा विचार माझ्या मनात आला आणि तो तिथं चांगला ऐसपैस बसला. त्याची लाज मला अजून वाटते.

एवढ्यात गोदाबाई गाडीतून उतरल्या. "वकीलसाहेब, घरचा मानूस असन तं कोनी रोकत नाई ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हणताच त्यांनी पदर खोचला, माणसं बाजूला सारली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"हा माह्या बहिणीचा पोरगा हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आता पाहून काय राह्यले? पानी आना."

मारोती आ वासून बघत राहिला, कारण बाईंना बहीणच नव्हती. गोलातल्या निम्म्या लोकांनाही ते ठाऊक असावं. पण म्हाताऱ्यानं डोक्याचा पटका सोडून जखमेवर आवळला, कुणी लोट्यातून पाणी आणलं, चौघांनी त्याला अलगद उचलून माझ्या पोत्यांवर ठेवलं. वाईट त्यांतलं कुणीच नव्हतं. सगळे घाबरलेले होते, माझ्यासकट.

मारोतीनं बैल समुद्रपूरपर्यंत पळवले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, गुंगी देऊन टाके घालावे लागतील, जिवाला धोका आहे, घरच्या पुरुषमाणसाची सही हवी. गोदाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हे त्याचे मामा." डॉक्टरांनी एकदा माझ्या पुणेरी कोटाकडं पाहिलं, एकदा बाईंच्या लुगड्याकडं, आणि कागद पुढं केला. खोटी सही करू नका म्हणून जन्मभर अशिलांना बजावणाऱ्या मी, नातं या शब्दापुढं 'मामा' असं वळणदार अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र निरोप घेऊन आला, की भाचे शुद्धीवर आले आहेत आणि चहा मागताहेत. मी त्याच्या ओसरीवर हसत सुटलो. कुठलाही दावा जिंकून मला इतकं मोकळं वाटलं नव्हतं. पाटीलही दवाखान्यात येऊन गेला होता. गोदाबाईंना त्यानं नातं विचारलं, 'मावशी' असं लिहून घेतलं आणि वर भाच्याला जपा म्हणून सांगून गेला.

निघायच्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. भाच्याचं नाव देविदास, गाव आंजी. हिंगणघाटहून भाड्याच्या सायकलीवर बहिणीकडे तिळगूळ घेऊन निघाला होता. त्याची आई आली होती. कागदावरचे मामा ते हेच, असं त्यानं तिला सांगितलं. मी ओशाळून म्हटलं, वेळच तशी होती, खोटं लिहावं लागलं, माफ करा. ती माउली बोलली ती अहो-जाहो सोडून.

"मले भाऊ नाई. मायबापाची मी एकटीच. सही तं तू केली ना? मंग भाऊबीजेले येजो."

पुण्याला परतल्यावर वर्गात तोच धडा आला. परक्याला वाचवण्याची सक्ती कायद्यात नाही, हे मी पुन्हा शिकवलं. परीक्षेत तसंच लिहा, असंही सांगितलं. फक्त 'परका' हा शब्द उच्चारताना जरा अडखळलो.

दिवाळीत मी बॅग भरू लागलो, तेव्हा माझ्या दोघी बहिणी रुसल्या. भाऊबीज सोडून जावं असं वर्ध्याकडं कोण आहे, असं त्यांनी विचारलं.

"थोरली," मी म्हटलं.