चोवीस मिलिमीटर

“टीव्ही बंद असतो तेव्हाच खरा कळतो, चालू झाला की तो दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा लावून बसतो,” असं बाई एकदा म्हणाल्या होत्या.

बाई टीव्ही बनवणाऱ्या एका कंपनीत मॉडेलं करायच्या. डिझायनर कॉम्प्युटरच्या पडद्यावर नवी वस्तू काढतो. ती कारखान्यात जाण्याआधी खोलीत कशी दिसेल हे बघायला तिची लाकडाची, फोमची, काळ्या अ‍ॅक्रिलिकची हुबेहूब प्रतिकृती लागते. ती बाई करायच्या. कंपनी आधी इस्त्र्या आणि पंखे काढायची, तेव्हापासून त्या तिथे होत्या. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून शेकडो वस्तू झाल्या आणि त्यांतली एकही कधी चालू झाली नाही. चालू व्हायच्या त्या कारखान्यातून येणाऱ्या, त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वस्तू.

मॉडेलखोली तळमजल्यावर, गोदामाच्या मागे होती. पूर्वी तिथे पाच माणसं काम करायची. आता एकट्या बाई, एक पट्टीची करवत, एक रंगाचा फवारा आणि खिडकीच्या गजांवर बसलेला पांढरा भुसा. बाईंचे वडील आरशांना आणि तसबिरींना चौकटी लावायचे. दोन लाकडं जिथे मिळतात तो सांधा डोळ्यांनी नाही, अंगठ्याने तपासायचा, हे बाई त्यांच्याकडून शिकल्या. डोळे मिटून अंगठा फिरवायच्या. अंगठा अडला की काम नापास, मग ते साहेबांना कितीही आवडलेलं असो.

त्या वर्षी मोठ्या साहेबांना, म्हणजे कंपनीच्या प्रमुखांना, एक महागडा टीव्ही हवा होता. त्यांनी दिलेल्या कागदावर एकच ओळ होती: घरात असून नसल्यासारखा.

“म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे जास्त द्यायचे आणि वस्तू कमी न्यायची,” इंजिनिअर म्हणाला. टीव्हीच्या पोटातलं सगळं याच्याकडे. कुठलाही नवा विचार निघाला की हा “तापेल” म्हणायचा, म्हणून त्याला सगळे हीटर म्हणत.

मुख्य डिझायनर बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता, पण बाई त्याला सर म्हणायच्या आणि तो त्यांना बाई. त्याने एकेक गोष्ट पुसायला सुरुवात केली. समोरचं कंपनीचं नाव गेलं. लाल दिवा गेला. बटणं गेली, स्क्रू गेले, खालची पट्टी गेली. प्रत्येक पुसण्याला बाईंनी एक मॉडेल केलं. अकराव्या मॉडेलापर्यंत पुसण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा डिझायनर जाडीवर आला. कडा चार मिलिमीटर. नखाएवढी. सगळे खूश झाले. जाहिरातीचं काम बघणाऱ्या माणसाने तर त्याच दिवशी ओळ लिहून टाकली.

बाईंची एक सवय होती, ती कुणी लावलेली नव्हती आणि कुणी मोडायलाही आलं नव्हतं. प्रत्येक मॉडेल त्या चार दिवस घरी न्यायच्या. चादरीत गुंडाळून, कंपनीच्या टेम्पोतून, तीन जिने चढवून. घरचा चालता टीव्ही आतल्या खोलीत जायचा आणि त्याच्या जागी हा मुका टीव्ही यायचा. मग घर त्याच्यासमोर नेहमीसारखं जगायचं.

“आता पुन्हा चार दिवस भिंतीकडे बघत बसायचं का?” सासूबाई विचारायच्या.

“भिंतीकडे नाही आई, टीव्हीकडे.”

“बंद टीव्हीकडे बघायला तुझ्यासारखं डोकं लागतं, सूनबाई. मला देवाने साधंच दिलंय.”

नवरा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. तो म्हणायचा, “मी दिवसभर लोकांचे काळे फोटो बघतो. घरी येऊन बघतो तर बायकोने मोठा करून लावलाय.”

चार मिलिमीटरच्या कडेचं मॉडेल घरी आलं त्या संध्याकाळी बाई स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुसत उभ्या होत्या. तिथून त्यांना टीव्ही बाजूने दिसत होता. कडा खरंच नखाएवढी होती. पण कडेच्या मागे, मधोमध, साठ मिलिमीटरचं पोट आलं होतं. पडद्याच्या मागचं सगळं सामान डिझायनरने तिथे ढकललं होतं, कारण ते समोरून दिसत नाही. सासूबाईंची खाट खिडकीकडे, म्हणजे दुसऱ्या बाजूला. त्यांनीही बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला, “हा समोरून उपाशी आणि मागून जेवलेला दिसतो गं.”

नवरा हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मोजपट्टी काढली आणि घरात कोण कुठे बसतं ते जमिनीवर खडूने लिहिलं. आई खाटेवर, डावीकडून. नवरा जेवणाच्या टेबलाशी, उजवीकडून. मुलगी कपाटाला पाठ लावून खाली, अभ्यासाची वही मांडीवर. त्या स्वतः दारात. टीव्हीच्या अगदी समोर एक खुर्ची होती आणि तिच्यावर धुतलेले कपडे होते.

दुसऱ्या दिवशी त्या इमारतीतल्या सहा घरांत गेल्या. कुणाकडे विरजण मागितलं, कुणाकडे सुई. सगळीकडे तेच. टीव्हीच्या समोर माणूस बसत नाही. माणूस सोयीने बसतो, उजेडाने, पंख्याने, भांडणाने बसतो. समोर बसतात ते फक्त टीव्ही विकणारे आणि विकत घेणारे, तेही दुकानात, दहा मिनिटं.

मॉडेलखोलीचा एक नियम होता. डिझायनरच्या नकाशात असेल तेवढंच करायचं. जास्त नाही, कमी नाही, स्वतःचं तर मुळीच नाही. बाईंनी तो सव्वीस वर्षं पाळला. मग एका सकाळी खोलीचं दार आतून लावलं आणि नकाशाशिवाय एक टीव्ही कापायला घेतला. पोट नाही. चोरून बारीक केलेली कडाही नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे चोवीस मिलिमीटर, एखादी काळी फळी ठेवावी तसा.

डिझायनरने ते बघितलं आणि कडेला बोट लावलं.

“बाई, आपण पातळ करतोय. तुम्ही जाड केलात.”

“कडा जाड केली, सर. टीव्ही बारीक केला.”

“हे लोकांना कसं सांगणार?”

“दाखवायचं. सांगायचं कशाला?”

तो स्टुलावर बसला. वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यावर वरचे होते. “ऐका. मोठे साहेब मला दोनदा विचारून गेलेत, कॉम्प्युटरवर सगळं दिसतं तर ही मॉडेलखोली कशाला हवी म्हणून. शुक्रवारी शेवटची निवड आहे. तुमचं मॉडेल तिथे ठेवायचं तर ठेवा. पण ते हसले, तर खोली गेली. खोलीबरोबर तुम्ही. मी मध्ये पडू शकणार नाही.”

“आणि नाही ठेवलं तर?”

“तर अजून दोन-तीन वर्षं निघतील.”

बाईंनी अंगठा कडेवरून फिरवला. “ठेवते,” त्या म्हणाल्या.

हीटरकडे त्या स्वतः गेल्या. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, “तापेल. पोटच काढलंत तर आतडी कुठे ठेवू?”

“पसरून ठेवा ना. एकावर एक कशाला रचता?”

“बाई, हे काय कपड्यांचं कपाट आहे?”

पण त्याने टेबल मोकळं केलं. पडद्याच्या मापाचा पुठ्ठा पसरला आणि त्यावर एकेक भाग पत्ते मांडावेत तसा मांडत गेला. वीज घेणारा भाग इथे, आवाजाचा तिथे. दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो खाली आला, हातात मोजणीचा कागद घेऊन. भाग पसरल्यामुळे उष्णता एका जागी साठत नव्हती. नव्या मांडणीत टीव्ही जुन्यापेक्षा सहा अंशांनी गार होता.

“कुणाला सांगू नका,” तो म्हणाला, “पण हा तापत नाही.”

“हे तोंडातून काढताना त्रास झाला का?”

“खूप.”

शुक्रवारी सकाळी बाई टीव्ही स्टँडवर बसवायला गेल्या आणि तो बसेना. स्टँडची खाच बरोबर चोवीस मिलिमीटरची होती. टीव्हीही चोवीसचा होता, पण रंग लावण्याआधी. वर काळ्या रंगाचे चार थर चढले होते, आणि चार थरांनी जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढवला होता. बाई खाली बसल्या. कितीतरी वर्षं त्या रंग देत होत्या, आणि रंगालाही जाडी असते हे आज विसरल्या होत्या. टीव्ही घासला असता तर रंगावर ओरखडे आले असते. तेव्हा त्यांनी कानस घेतली आणि खाच घासायला बसल्या. कोपर गुडघ्यावर टेकवलं. चाळीस मिनिटं. शेवटी टीव्ही खाचेत उतरला, आणि दोन्ही बाजूंना केसाएवढी सावली राहिली.

वरच्या सभागृहात लांब टेबल होतं आणि टेबलाच्या एका बाजूला, दोन्ही मॉडेलांसमोर, ओळीने खुर्च्या. बाईंचं काम मॉडेलं ठेवून भिंतीशी उभं राहणं एवढंच होतं. त्यांनी मॉडेलं टेबलापलीकडे, मोकळ्या जमिनीवर स्टँडांवर ठेवली. मग त्या खुर्च्या उचलायला लागल्या.

“हे काय चाललंय?” डिझायनरने दबक्या आवाजात विचारलं.

“बसायची सोय.”

एक खुर्ची खिडकीपाशी गेली, एक दुसऱ्या टोकाला, एक दारात. हीटर आला, त्याने क्षणभर बघितलं आणि न विचारता टेबलाचं एक टोक धरलं. दोघांनी मिळून टेबल भिंतीला लावलं.

मोठे साहेब आले. मागे जाहिरातवाला, विक्रीवाला आणि वह्या घेतलेले आणखी दोघं. साहेबांनी विस्कटलेली खोली बघितली.

“भांडण झालंय का इथे?”

कुणी हसलं नाही. बाई पुढे आल्या. “साहेब, घरी तुम्ही टीव्हीच्या समोर बसता का?”

साहेबांना कुणी असे प्रश्न विचारत नसे. त्यांनी खरंच विचार केला. “समोर? समोर नातवंडं लोळत असतात. मला कोपऱ्यातली खुर्ची.”

“मग तीच ही,” म्हणत बाईंनी दारातली खुर्ची दाखवली.

साहेब बसले. बाकीचे मिळेल तिथे बसले. डिझायनर चार मिलिमीटरच्या कडेबद्दल बोलायला लागला. चांगलं बोलत होता. साहेबांनी मध्येच हात वर केला.

“ते मागे काय फुगलंय?”

“सर, ते आतलं सामान. ते समोरून दिसत नाही.”

“मी समोर आहेच कुठे?”

खिडकीजवळचा विक्रीवाला मान वाकडी करून म्हणाला, “इकडूनही दिसतंय, सर.” जाहिरातवाला वहीत बघत राहिला. साहेब उठले. चार मिलिमीटरच्या टीव्हीला वळसा घालून ते दुसऱ्यापाशी गेले. बाजूने बघितलं. मागे गेले. मागेही समोरच्याइतकंच काळं, सपाट, शांत होतं. त्यांनी तळहात ठेवला आणि तो सरळ दुसऱ्या टोकापर्यंत नेला. कुठेच अडला नाही.

“हा जाड आहे ना?”

डिझायनरने हीटरकडे बघितलं. हीटर उभा राहिला. “कडेला वीस मिलिमीटरने जाड आहे, सर. पोटाला छत्तीसने बारीक. आणि सहा अंशांनी गार.”

“तू म्हणतोयस? गार?”

“मीच म्हणतोय.”

आता मात्र खोली हसली. साहेब परत दारातल्या खुर्चीत जाऊन बसले आणि तिथून बघत राहिले, एखादा माणूस दिवस संपल्यावर आपल्या घरात बसून बघतो तसे.

“पण सर, चार मिलिमीटरची ओळ तयार आहे,” जाहिरातवाला म्हणाला. “या टीव्हीबद्दल लिहायचं काय?”

“काही लिहू नका. बाजूने फोटो काढा.” मग डिझायनरकडे वळून, “हाच करायचा. कुणी काढलाय हा?”

डिझायनर एक क्षण थांबला. त्या एका क्षणात तो काहीही म्हणू शकला असता आणि भिंतीशी उभ्या असलेल्या बाईंनी ते ऐकून घेतलं असतं. तशी अनेक नावं त्यांनी अनेक वर्षं ऐकून घेतली होती.

“मॉडेलवाल्या बाईंनी,” तो म्हणाला.

“नकाशा बघू.”

“नकाशा नाहीये, सर. त्यांनी आधी बनवला. नकाशा आता आम्ही त्यावरून काढू.”

साहेबांनी पहिल्यांदाच बाईंकडे नीट बघितलं. भुशाचे हात, केसांत रंगाचा एक काळा ठिपका. “ही मॉडेलखोली कुठे आहे आपली? तळमजल्यावर ना? तिथे भुसा नाकात जातो म्हणतात. ती खोली वर आणा, उजेडात. आणि दोन माणसं द्या बाईंना, त्या निवडतील ती.” मग खुर्चीतच थोडे पुढे वाकून, “बोला ना बाई. तुमचा दिवस आहे.”

सगळे बाईंकडे वळले.  त्या टीव्हीपाशी गेल्या. साहेबांच्या तळव्याचा ठसा काळ्या पाठीवर उमटला होता, पाचही बोटांसकट. पुसायला त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं, ठशाकडे बघितलं, आणि टोक सोडून दिलं. दाखवायचं ते दाखवून झालं होतं. पिशवी खांद्याला अडकवली. हीटर दार धरून उभा होता. त्याच्यासमोरून, साहेबांच्या खुर्चीला वळसा घालून, मान ताठ ठेवून बाई खाली, आपल्या मॉडेलखोलीकडे निघाल्या.