तोफेचा कान

महादू साळवी पंधरा वर्षं दुबईजवळच्या रास अल खैम्यात वेल्डर होता. १९९८च्या शिवजयंतीला मराठी मंडळाच्या नाटकासाठी त्याने तोफ केली. जाड पाइपची, चार फुटी, लाकडी चाकांवरची. बत्ती द्यायला मागे बारीक भोकही पाडलं. तोफेचा कान.

मंडळाचे सेक्रेटरी धनंजय ती बघून खूश झाले. "थोडी बंदुकीची दारू भरू. एक बार काढला की पब्लिक खलास."

"परमिशन?"

"घरी केलेल्या वस्तूला कसली परमिशन? महाराजांचं काम आहे, महादूदादा."

महादूचं समाधान होईना. पोलीस ठाण्याबाहेर अरबी अर्ज टाइप करून देणाऱ्या मोहिद्दीनला त्याने गाठलं.

"बारूद छोडो, भाई," मोहिद्दीन म्हणाला. "जिससे गोला छूट सके, वो चीज बनाना ही जुर्म है."

म्हणजे गुन्हा होऊन गेला होता. जेल, नाहीतर व्हिसा कॅन्सल. गावी पोरीच्या नर्सिंगची दोन वर्षं बाकी होती.

हे ऐकून धनंजयांचा चेहरा उतरला. "कापून भंगारात टाक. कुणाला कळतंय?"

"कापणार नाही," महादू म्हणाला. "आणि लपवणारही नाही."

सकाळी त्याने तोफ पिकअपमध्ये चढवली. शेजारी वेल्डिंग मशीन ठेवलं आणि गाडी थेट ठाण्याच्या आवारात नेली. धनंजय सोबत आले, पण गाडीतून उतरेनात.

ऑफिसरने तोफेभोवती फेरी मारली. मोहिद्दीन दुभाष्या झाला.

"दारू आहे?"

"नाही. कधी भरलीच नाही."

"भरली तर उडेल?"

मोहिद्दीनने महादूकडे पाहिलं. नाही म्हण, असं त्याचे डोळे सांगत होते.

"उडेल," महादू म्हणाला. "चांगली केलीय मी."

मोहिद्दीनने नाइलाजाने तेवढंच अरबीत सांगितलं.

"मग हे हत्यार आहे," ऑफिसर म्हणाला.

"अर्धा तास द्या. तुमच्यासमोर हिचं हत्यारपण काढतो."

ऑफिसरने घड्याळ पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली.

आवारात ठिणग्या उडाल्या. आधी महादूने कान बुजवला. मग नळीत वीतभर आत लोखंडी चकती बसवून कडेने वेल्डिंग मारलं. ऑफिसरने नळीत काठी घातली. वीतभर गेली, अडली. कानावर तार टोचून पाहिली. शिरली नाही.

"यानेच आणून दाखवली," तो मोहिद्दीनला म्हणाला. "आम्हाला सापडली असती तर गोष्ट वेगळी होती."

मोहिद्दीन पत्र टाइप करू लागला. शोभेची वस्तू, उडू न शकणारी. बनवणाऱ्याचं नाव?

धनंजय आता खाली उतरले होते. "मंडळाचं लिहा," ते म्हणाले.

"महादू सोमा साळवी," महादू म्हणाला. "वेल्डर."

शिक्का पडला.

"तोफ वाचली," गाडीत बसताना धनंजय म्हणाले. "पण आवाजाचं काय?"

"ढोल कशाला आहेत?"

पिकअप भर बाजारातून निघाली. तोफ उघडी, तोंड पुढे. सिग्नलला पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. धनंजय सीटमध्ये खाली सरकले. महादूने काच खाली केली आणि आतल्या शिपायाला सलाम ठोकला.